भाकर देणाऱ्याच्या हाती किल्ली नको

(वस्तीतल्या युवक सभेत केलेले भाषण)



मंडळींनी मला कविता म्हणायला बोलावलं होतं. मी म्हटलं, कविता राहू द्या, ह्या वेळी बोलू द्या. मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा भाषणात अलंकार-बिलंकार शोधू नका. विषय सरळ आहे. अठरा ते साठ वयाचा माणूस, म्हणजे कमावत्या वयाचा, आजारानं नाहीतर अपघातानं आडवा झाला, किंवा जन्मापासून अपंग असला, किंवा त्याच्या मनाचा तोल गेला, तर त्यानं राहायचं कुठं? कुणाबरोबर? आणि कुणाच्या हुकमाखाली?

पोर अपंग असलं तर निदान शाळेचं नाव तरी घेतात. म्हाताऱ्यासाठी वृद्धाश्रम निघालेत, परवडो न परवडो. मधल्या चाळीस वर्षांचं काय? त्या चाळीस वर्षांत समाज एकच सवाल करतो: कामाला येतोस का? येत नाहीस? मग तुझी जागा आईच्या पदराआड, नाहीतर फुटपाथवर, नाहीतर कुंपणाच्या भिंतीआड. ह्या तीन जागा आपल्याला पाठ आहेत. मला चौथ्या जागेबद्दल बोलायचंय.

मागून कुणीतरी कुजबुजतंय की हा काय चळवळीचा विषय? अत्याचार चालूच आहेत, नोकऱ्या ठेक्यावर गेल्या, आणि ह्याला लुळ्यापांगळ्यांचं सुचतंय. ऐका मग. माणसाला वस्तीबाहेर काढायचं, वेगळं ठेवायचं, आणि वर सांगायचं की हे तुझ्याच भल्याचं आहे, हा डाव आपल्याइतका कुणाला ठाऊक आहे? दुसरं. गटारात कोण उतरतो? दगडाच्या खाणीत, भट्टीवर, बोटीच्या पोटात कोण असतो? फुफ्फुसं कुणाची जातात, कणे कुणाचे मोडतात? हा विषय आपला नाही तर कुणाचा?

आमच्या टोळीत एक जोडीदार होता. वय सत्तावीस. बोटीच्या पोटात उतरताना शिडीवरून खाली आला, पाठीचा कणा गेला. कंबरेखाली काही कळत नाही. माझा आजा गोदी कामगार मंडळाचा नोंदलेला गडी होता. १९४८च्या कायद्यामुळे त्याला बोट लागो न लागो, हजेरीचे ठरलेले पैसे मिळायचे. आम्ही ठेकेदाराची माणसं. ठेकेदार इस्पितळात दोनदा आला, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. त्याचं नाव घेत नाही, कारण असे पन्नास आहेत.

गडी घरी आला. घर म्हणजे पोटमाळा. खाली दुसरं बिऱ्हाड, वर हे. लोखंडी शिडी, उभी, दीड फूट रुंद. चार पोरांनी चादरीत घालून वर चढवला. तेव्हापासून तो वरच. त्याचं हगणं-मुतणं, आंघोळ, कूस बदलणं, सगळं आई करते. तिचं वय साठ. ती म्हणते, "मी हाय तोवर हाय. माझ्यामागं ह्याला कोन उचलणार?" दोस्तांनो, हा सवाल एका आईचा नाही. ज्या ज्या खोलीत असा माणूस आहे तिथली आई रात्री आढ्याकडे बघत हेच विचारते.

गड्याचे दोन्ही हात मजबूत. हिशेब पक्का, टोळीचे पैसे तोच वाटायचा. त्याला जगायला काय लागतं ते मी त्याच्याच शेजारी बसून कागदावर मांडलं. तळमजल्याची खोली. चाकाची खुर्ची जाईल एवढं दार. उंबरा नको. संडास आत, धरायला दांडा. सकाळी दोन तास नि संध्याकाळी एक तास मदतीला पगारी माणूस. रात्री हाक मारली तर ऐकणारा शेजार. बस्स. एवढ्यावर हा माणूस चार पैसे कमावील, भांडेल, मत देईल, जमलं तर लग्नही करील. आणि लोकांनी सुचवलं काय? एखाद्या आश्रमात टाका. 'टाका'! हे क्रियापद नीट ऐका. कचरा टाकतात, माणूस नाही.

सरकारनं काय दिलं? नाव दिलं. अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं. आपल्याला हा खेळ नवा नाही. आपल्यालाही देवाचं नाव चिकटवलं होतं. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी त्या 'हरिजन' शब्दाला विरोध केला होता. नाव देवाचं आणि पाणवठा बंद! आता शब्द दिव्य आणि शिडी उभीच. आणि आपले कवी तरी काय करतात? व्यवस्था पांगळी, कायदा आंधळा, सरकार बहिरं. व्यवस्था पांगळी कसली? चांगली धडधाकट आहे, दोन पायांवर उभी राहून लाथा घालते. तिला आपल्या माणसांची विशेषणं देऊ नका.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडात. कारण चौथी जागा ज्यांनी हिसकावून घेतली त्यांतले काही तिथले आहेत. मी हे शब्दकोश जवळ ठेवून वाचलंय.

हॅम्पशायर परगण्यात ल कोर्ट नावाचा आश्रम होता. लेनर्ड चेशर ह्या हवाई दलातल्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेला. त्याच नावाचं घर पुढं १९५०च्या दशकात आपल्या अंधेरीतही निघालं. तर त्या ल कोर्टमध्ये पॉल हंट नावाचा तरुण राहायचा. स्नायू झिजत जाण्याचा आजार. तिथं जेवण होतं, औषध होतं, स्वच्छ चादर होती. मग भांडण कशाचं? झोपायचं किती वाजता, ह्याचं. बाहेर जाताना परवानगी का मागायची, ह्याचं. घोटभर दारू घ्यायची का नाही, बाईनं पुरुषाशी बोलायचं का नाही, ह्याचं. तीस वर्षांचा बाप्या नि त्याला पोरासारखं दिवा मालवून झोपवायचं! ही माणसं त्यासाठी लढली.

त्यांनीच खटपट करून अभ्यासक बोलावले. त्यांना वाटलं, शिकलेली माणसं येतील, आपली बाजू मांडतील. अभ्यासक आले, राहिले, लिहून घेतलं आणि १९७२ साली पुस्तक काढलं. निष्कर्ष काय? समाजानं ह्यांना मेल्यातच जमा केलंय. खरं मरण येईपर्यंतचा काळ नीट पार पाडून देणं हे आश्रमाचं काम. आपल्या वस्त्यांतही प्रश्नावल्या घेऊन येतात ना साहेब लोक? जाताना आपलं दुःख घेऊन जातात आणि पदवी होऊन बसते त्यांची. पॉल हंट पिसाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात 'गार्डियन' दैनिकात त्याचं पत्र छापून आलं: आश्रमांत कोंडलेल्यांनो, आपली आपण संघटना करू या. त्यातून अपंगांची संघटना उभी राहिली. तिनं ठणकावलं की शरीर अधू असणं वेगळं आणि समाजानं माणसाला अपंग करणं वेगळं. पाय जातो अपघातानं. पण शिडी लावलेली असते माणसानं.

ह्याच संघटनेतलं एक जोडपं, केन आणि मॅगी डेव्हिस. दोघंही चाकाच्या खुर्चीवर. त्यांना आश्रम नको होता, घर पाहिजे होतं. भांडून-भांडून, गृहनिर्माण संस्थेला गळ घालून त्यांनी १९७६ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या सटन-इन-ॲशफील्ड ह्या गावात ग्रोव्ह रोडला इमारत उभी करून घेतली. राजवाडा नव्हे. दोन मजले, सहा बिऱ्हाडं. खालची तीन अपंगांसाठी, त्यांच्या मापानं बांधलेली. वरची तीन धडधाकट कुटुंबांची. वरच्यांनी घर घेतानाच कबूल केलेलं की खालच्यांना लागेल ती मदत करू. वॉर्डन नाही. घंटा नाही. मेट्रन नाही. सहाही बिऱ्हाडं भाडेकरू आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला ती इतर घरांसारखीच घरं.

आता मुद्दा पकडा. माणसाला तीन गोष्टी लागतात. एक छप्पर, दुसरी मदत, तिसरा स्वतःवर स्वतःचा हुकूम. आश्रमात ह्या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या हातात असतात. छप्पर त्याचं, भाकर त्याची, म्हणून हुकूमही त्याचा. तक्रार केली की एकदम तिन्ही जातात. खाट गेली म्हणजे जेवण गेलं आणि हात धरणारा माणूसही गेला. मग कोण तोंड उघडील?

दोस्तांनो, हे कशासारखं आहे? हे वतन आहे! गावात आपल्याला हेच होतं. भाकर गावाची, जागा गावाची, म्हणून रात्री-अपरात्री हाकेला धावायचं ते गावाच्याच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, वतन गेलं तर खायचं काय? बाबासाहेबांना दिसत होतं की जी भाकर मान खाली घालून घ्यावी लागते ती पोट भरते आणि माणूस खाते. ग्रोव्ह रोडवाल्यांनी वतन मोडलं. छप्पर एकाकडून घेतलं, मदत दुसऱ्याकडून घेतली, हुकूम स्वतःकडे ठेवला. मदतीचं पटलं नाही तरी घर जात नाही. माझी चौथी जागा ती हीच. आधारासह घर. आधार पाहिजे तेवढा आणि घर आपलं.

पांढऱ्या इंग्रजांच्या गोष्टी कशाला सांगतोस, असं वाटत असेल तर आता आपल्या भावकीची सांगतो. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांची.

ब्रॅड लोमॅक्स नावाचा काळा पोरगा. ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यकर्ता. त्याला मज्जातंतूंचा आजार झाला, खुर्चीवर आला. जवळच बर्कली शहरात अपंगांनी १९७२ साली स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं होतं. अपंगांनीच चालवायचं. मदतनीस कोण ठेवायचा, त्यानं काय करायचं, हे ज्याला मदत लागते त्यानं ठरवायचं. राहण्याजोगी घरं हुडकून द्यायची. लोमॅक्स त्यांच्याकडे गेला नि म्हणाला, आमच्या काळ्या वस्तीत ह्याची शाखा काढा. १९७५ साली पूर्व ओकलंडमध्ये शाखा निघाली.

मग १९७७चा एप्रिल. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात अपंगांशी भेदभाव चालणार नाही, असा कायदा १९७३ साली झाला होता, कलम ५०४. पण नियमांवर मंत्र्याची सही होईना. सॅन फ्रान्सिस्कोत दीडशेच्या आसपास अपंग सरकारी कचेरीत घुसले आणि बसले. खुर्च्यांवरचे, आंधळे, बहिरे. एक दिवस नाही, पंचवीस दिवसांच्या वर. लोमॅक्सही आत होता आणि त्याचा मदतनीस चक जॅक्सन, तोही पँथरच. ह्या दीडशेंना खायला कोण घालणार? ब्लॅक पँथरांनी गरम जेवण पोचवलं, दिवसामागून दिवस. शेवटी सही झाली. लोमॅक्स १९८४ साली तरुणपणीच गेला. काळ्या पँथरांनी विचारलं नव्हतं की हा काय आपल्या चळवळीचा विषय.

आणखी एक नाव लक्षात ठेवा. लोइस कर्टिस. जॉर्जिया राज्यातली काळी बाई. तिला मनाचा आजारही होता आणि बौद्धिक अपंगत्वही. डॉक्टर म्हणाले, ही बाहेर मदतीनं राहू शकते. सरकार सोडेना. ती आपल्या वकिलाला फोन करून विचारत राहिली, मला इथून कधी काढणार? खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ साली निकाल लागला की कारण नसताना माणसाला समाजापासून वेगळं डांबून ठेवणं हाच भेदभाव आहे. वेगळं ठेवणं हाच भेदभाव! हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लोइस पुढं स्वतःच्या घरात राहिली, चित्रं काढली, २०२२ साली गेली.

आता घरी या.

६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी. दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवायचे खासगी अड्डे होते. पहाटे एकाला आग लागली. माणसं साखळदंडानं बांधलेली. २८ मेले. इथं किल्ली दुसऱ्याच्या हातात होती हे वाक्य कवितेतलं नाही, शब्दशः खरं आहे.

त्यानंतर कायदे चांगले झाले, खोटं कशाला बोलू. २०१६चा अपंग हक्क कायदा. कलम ५ सांगतं की अपंगाला समाजात राहण्याचा हक्क आहे. त्याला अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये, त्याला घरात मदतनीस मिळावा ह्यासाठी सरकारनं झटावं. कलम ३७ सांगतं की सरकारी घरवाटपाच्या योजनांत ४० टक्के व त्यावर अपंगत्व असलेल्यांना पाच टक्के राखीव, त्यात बायांना प्राधान्य. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा. त्याचं कलम १९ म्हणतं, घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्याच कारणावरून कुणाला इस्पितळात ठेवून घ्यायचं नाही. आधारासह घर हा प्रकार ह्या कायद्यात लिहिलेलाच आहे.

आणि झालं काय? महाराष्ट्रात चार सरकारी मनोरुग्णालयं – ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बऱ्या झालेल्या माणसांना इथून उचलून भिक्षेकरीगृहात, वृद्धाश्रमात हलवतात, हे सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. २०१९ साली न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावं लागलं की हे बंद करा. बघा, बरा झालेला कमावत्या वयाचा माणूस, आणि त्याच्यासाठी ह्या फुले-आंबेडकरांच्या राज्याला सुचलं काय, तर भिकाऱ्यांचा कोंडवाडा!

होऊ शकत नाही असं नाही. चेन्नईत द बॅनियन नावाची संस्था आहे, १९९३ साली दोन तरुण बायांनी काढलेली. २०१५पासून ती 'होम अगेन' नावाचं काम करते. वर्षानुवर्षं इस्पितळात काढलेली चार-पाच माणसं, साध्या वस्तीत भाड्याचं घर. मदतीला एक-दोन कामगार बाया. बाजार स्वतः करायचा, भाजी काय करायची ते स्वतः ठरवायचं, शेजाऱ्याच्या लग्नाला जायचं. महाराष्ट्रातही हे काम आलंय. पण संस्था चालवील तेवढंच चालणार. हक्क संस्थेच्या दयेवर राहिला की पुन्हा वतन व्हायला वेळ लागत नाही.

आता एक कडू गोष्ट. ही मदतनीस बाई कोण? ती आपलीच बहीण आहे. दवाखान्यातली आया, घरकामाची बाई, रात्रपाळी करणारी. दुसऱ्याचं हगणं-मुतणं काढायचं काम आलं की जात शोधत शोधत आपल्या दारात येतात. पगार तुटपुंजा, सुटी नाही, तिचाच कणा उचलून-उचलून मोडतो. एका माणसाचं स्वातंत्र्य दुसऱ्या बाईच्या पाठीवर उभं करायचं नाही. मदतनिसाला ठरलेला पगार, ठरलेले तास, रजा, विमा आणि उचलायचं यंत्र पाहिजे. हे काम नोकरी आहे. सेवा, पुण्य, आईची माया हे शब्द पगार बुडवायला वापरतात.

आणि जात खोलीतही येते. भाड्यानं घर मागायला गेलं की आडनाव विचारतात. आडनावावर एकदा नाही म्हणतात, खुर्ची बघून दुसऱ्यांदा, आणि मनोरुग्णालयाचा कागद बघून तिसऱ्यांदा. अशा घरांत चूल कुणाची, पाणी कोण भरणार, हे ठरवताना आपला माणूस तिथं पाहिजे. नाहीतर आश्रमाच्या जागी अग्रहार उभा राहील.

मागण्या मोजून सांगतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३०० चौरस फुटांच्या घरांत तळमजल्याची आणि खुर्ची फिरेल अशी घरं आधी अशा कुटुंबांना. आठव्या मजल्यावर नेऊन टाकायचं नि लिफ्ट बंद पडली की महिनाभर कैद, हे चालणार नाही. कलम ३७चे पाच टक्के कुणाला दिले त्याची यादी वॉर्डात लावा. मदतनिसाचा पगार सरकारनं द्यावा, निवड माणसानं करावी. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात भाडेकरार आणि किल्ली द्या, भिक्षेकरीगृहाची चिठ्ठी नको. आणि कामावर मोडलेल्या प्रत्येक ठेका कामगाराच्या घराची जबाबदारी मूळ मालकावर.

आता तुमचं काम. टाळ्या नंतर. येत्या रविवारी प्रत्येक गल्लीत दोघं-दोघं जा. वही घ्या. कुठल्या खोलीत, कुठल्या माळ्यावर अठरा ते साठचा असा माणूस आहे, त्याला दिवसात किती तास मदत लागते, आता ती कोण करतं आणि तिचं वय काय, एवढं लिहा. आईला विचारा, पण आधी त्या माणसालाच विचारा. त्याच्याकडे तोंड करून विचारा. त्यानं नको म्हटलं तर वही मिटा आणि गप्पा मारा. आपण त्याच्या वतीनं बोलायचं नाही. पुढची सभा तळमजल्यावर, त्याला येता येईल अशा जागी घेऊ, आणि तो स्वतः बोलेल.

ती वही घेऊन मग आपण वॉर्ड ऑफिसवर जाऊ. चालणारे चालत आणि खुर्चीवाले पुढं.

जय भीम!